वनबालवाडी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा बालवाडीतला जवळजवळ सगळा वेळ बाराही महिने उघड्यावर, मुख्यतः जंगलात जातो आणि त्या वेळात काय करायचे हे बहुतांशी मुलेच ठरवतात, अशा पूर्वप्राथमिक शिक्षणपद्धतीला वनबालवाडी म्हणतात. फ्रीड्रिख फ्रोबेल याने 1837 मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे ‘किंडरगार्टन’चा, म्हणजे ‘मुलांच्या बागे’चा, पाया घातला, तेव्हा त्याच्या विचारात बागकामाला मोठे स्थान होते. मात्र पुढे या शाळा इमारतींत स्थिरावल्या आणि बाग बऱ्याच ठिकाणी नावापुरतीच उरली. आजच्या स्वरूपाचा उगम डेन्मार्कमध्ये मानला जातो. तेथे 1950 च्या दशकाच्या आरंभी एला फ्लाटाऊ या बाई मुलांना रोज रानात नेत असत आणि त्यातूनच पालकांच्या पुढाकाराने ही बालवाडी उभी राहिली. स्वीडनमध्ये योस्टा फ्रोम यांनी 1957 मध्ये ‘स्कोग्समुल्ले’ या काल्पनिक वनवासी पात्राद्वारे मुलांना निसर्गाची ओळख करून देण्याचा उपक्रम सुरू केला. जर्मनीत 1968 मध्ये व्हीसबाडेन येथे अशी बालवाडी निघाली असली, तरी शासनमान्यता मिळालेली पहिली संस्था 1993 मध्ये फ्लेन्सबुर्ग येथे उभी राहिली आणि मान्यतेबरोबर अनुदानाची वाट खुली झाल्यावरच तेथे या चळवळीने वेग घेतला.

वनबालवाडीत तयार खेळणी जवळजवळ नसतात. काटक्या, माती, दगड, शेवाळ, पाणी आणि पडलेली झाडे हेच साहित्य असते, आणि एकाच काटकीचा क्षणात घोडा, क्षणात पूल होत असल्याने मुलांना आपसांत सतत बोलावे, ठरवावे आणि भांडण मिटवावे लागते. निवाऱ्यासाठी बहुधा चाकांवरची लाकडी खोली असते, परंतु पाऊस व थंडी ही सुट्टीची कारणे समजली जात नाहीत. वादळात मात्र फांद्या पडण्याचा धोका असल्याने रानात जाणे टाळतात. या मोकळिकीमागे मोठ्यांची कडक शिस्त असते, ही गोष्ट कौतुकाच्या लेखनात सहसा निसटते: शिक्षक दिसेल किंवा त्याची हाक ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायचे, ठरलेल्या थांब्यांवर इतरांची वाट पाहायची, रानफळे तोंडात घालायची नाहीत आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे तपासून घ्यायचे, असे नियम मुलांच्या अंगवळणी पाडले जातात. चढायचे झाड मूल निवडते. त्या झाडाची फांदी कुजलेली नाही, हे शिक्षकाने आधी पाहिलेले असते.

अशा बालवाड्यांतून शाळेत आलेली मुले एकाग्रता आणि सहकार्य यांत उजवी, तर बोटांच्या बारीक कामात किंचित मागे असल्याचे पेटर हेफ्नर यांच्या 2002 मधील जर्मन प्रबंधात आढळले. अर्थात असे शिक्षण मुद्दाम निवडणाऱ्या पालकांचा वाटा यातून वेगळा काढणे कठीण आहे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, पाने, खडे वापरले, आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कोसबाडला ‘कुरणशाळा’ चालवली. हे काम युरोपीय वनबालवाडीची शाखा नव्हे, कारण तेथे शहरी मुलाला रानात न्यावे लागते, तर कोसबाडला मुले आधीच रानात असल्याने शाळेलाच त्यांच्याकडे जावे लागले.