चर्चमधला खर्ज

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये, येऊन वसलेल्या प्युरिटन लोकांना चर्चमध्ये वाद्य नको होतं. जुन्या करारातल्या मंदिरात वीणा, झांजा, कर्णे वाजत असतील. पण ते सगळं मोशेच्या नियमशास्त्राबरोबर संपलं, आता देवाची स्तुती करायची ती माणसाच्या गळ्यानंच, असं त्यांचं म्हणणं. १६४० साली त्यांनी स्तोत्रांचं पुस्तक छापलं, 'बे साम बुक'. त्या वसाहतींमध्ये छापलेलं हे पहिलं पुस्तक. त्यात नुसते शब्द होते, सुरावटी नव्हत्या. डीकननं एक ओळ म्हणायची, मंडळीनं ती गायची, मग पुढची ओळ. दोन पिढ्यांत याचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. ज्याला जसं आठवेल तसं, ज्याला जेवढा दम असेल तेवढं! एकाच स्तोत्राची गावागणिक वेगळी चाल झाली, आणि एकाच गावात बाकागणिक वेगळी लय.

१७२०च्या दशकात काही तरुण पाळकांनी नोटेशन पाहून गायचा आग्रह धरला आणि त्यावरून मोठी भांडणं झाली. पण गायनशाळा निघाल्या, त्यातून गायकवृंद तयार झाले आणि मग एक अगदी व्यावहारिक अडचण उभी राहिली. चार भागांत गाणारे हौशी गायक दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत हळूहळू उतरायला लागतात. सुरुवातीचा सूर देणारी लाकडी शिट्टी आली, पण ती फक्त सुरुवातीलाच कामाची. शेवटपर्यंत सूर धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या चर्चांमध्ये जे वाद्य शिरलं ते ऑर्गन नव्हतं, व्हायोलिन तर नव्हतंच. ते होतं बास व्हायोल, ज्याला पुढे 'चर्च बास' हेच नाव पडलं. दिसायला चेलोसारखं, धडानं जरा थोराड. न्यू हॅम्पशरमधला एब्राहम प्रेस्कॉट १८०९पासून अशी वाद्यं बनवून विकत होता आणि ती आजही तिकडच्या संग्रहालयांत बघायला मिळतात. व्हायोलिन हे नाचाचं वाद्य म्हणून सैतानाचं. बास व्हायोल मात्र देवाचं. ज्या चर्चांनी ते आत घेतलं त्यांना विरोधक 'कॅटगट चर्च' म्हणून चिडवायचे. कॅटगट म्हणजे प्राण्याच्या आतड्याची तार.

मला ही गोष्ट फार आवडते. लाकूड तेच, आतडंही तेच, गज तोच. फक्त सप्तक खालचं, म्हणून प्रवेश. यातलं धर्मशास्त्र तपासायला गेलं तर हाती फारसं लागणार नाही. पण कानाचा न्याय पक्का आहे. खालचा सूर स्वतःकडे लक्ष वेधत नाही. तो लोकांच्या आवाजाखाली उभा राहतो, आणि त्याच्यावर उभं राहून लोकांना आपणच नीट गातोय असं वाटतं.

इंग्लंडमधल्या खेड्यांत त्याच सुमाराला चर्चच्या मागच्या सज्ज्यात गावकऱ्यांचे छोटे वाद्यवृंद बसत. तिथे व्हायोलिनला बंदी नव्हती. क्लॅरिनेट, बसून, आणि खाली पुन्हा बास व्हायोल. कादंबरीकार टॉमस हार्डीचे आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये हेच वाजवत. हार्डीची १८७२ची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही कादंबरी अशाच एका वृंदाच्या हकालपट्टीवर बेतलेली आहे. नवा पाळक येतो, त्याला ऑर्गन हवा असतो, आणि पिढ्यानपिढ्या वाजवणारी माणसं घरी बसतात. प्रत्यक्षातही गावोगाव असंच झालं. कधी ऑर्गन आला, कधी त्याची स्वस्त आवृत्ती म्हणून हार्मोनियम. एक माणूस, दोन हात, पायाखाली भाता, आणि कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत.

इथे आपल्याकडचा धागा जोडला जातो. न्यू इंग्लंडच्या याच काँग्रिगेशनल चर्चांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापन केलं, आणि त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं. ते टिकले, आणि १८३१ साली अहमदनगरला ठाणं झालं. म्हणजे माझ्या आजोळच्या मंडळीचा मूळपुरुष ज्या चर्चमधून आला तिथे वाद्य असावं की नसावं हा वाद ताजा होता. नगरमध्ये मात्र प्रश्न वेगळाच निघाला. भाषांतरित गीतं इंग्रजी चालींत बसवली की मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ कोलमडत. १८६०च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजनांची अशी काही भर घातली की 'उपासनासंगीत' उघडलं की पानोपानी तेच भेटतात. टिळकांचं म्हणणं असं की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. तेव्हा गाणंही त्या पुलावरूनच येणार.

इंग्लंडमध्ये गावातल्या बास वाजवणाऱ्याला ज्या हार्मोनियमनं घरी बसवलं, तिचं पेटंट पॅरिसच्या देबँनं १८४२ साली घेतलं होतं. १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचा भाता पायाकडून हाताकडे आणला आणि ती मांडी घालून वाजवता यायला लागली. तिकडे जी यांत्रिक आणि परकी वाटली, तीच इकडे भजनाची हक्काची पेटी झाली. फक्त डावा हात भात्यात अडकला. पाश्चात्त्य पेटीवाला डाव्या हातानं खालचे सूर वाजवतो; आपला पेटीवाला डाव्या हातानं हवा भरतो. आपल्या भजनाखालून खर्ज निघून गेला तो इथे, असं मी म्हणेन. तंबोरा असेल तर षड्ज-पंचम राहतो, पण चर्चमध्ये तंबोरा किती ठिकाणी दिसतो?

आता बास गिटार. सिएटलच्या पॉल टटमार्कनं १९३०च्या दशकातच आडवी धरायची, पडदे असलेली विजेवरची बास बनवली होती. ती खपली नाही. खपली ती लिओ फेंडरची, १९५१ची. तिचं नाव 'प्रिसिजन', कारण उभ्या डबल बासला पडदे नसतात आणि हिला आहेत. बोट जिथे ठेवाल तो सूर बिनचूक. चार तारा, तारेची लांबी ३४ इंच, सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ती पोचली तेव्हा खालची जागा रिकामी नव्हती. गोल्डन गेट क्वार्टेटसारख्या चौकडींत बास गाणारा माणूसच तालवाद्याचं काम करत असे. शिवाय हॅमंड ऑर्गन होता. १९३५ साली बाजारात आलेलं हे विजेवरचं वाद्य पाइप ऑर्गनपेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे गरीब वस्तीतल्या चर्चला परवडणारं. शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये केनेथ मॉरिसनं १९३९ साली ते आणवलं, आणि मग गॉस्पेलचा तो आवाजच झाला. त्याला पायाखाली २५ पट्ट्या असतात. म्हणजे ऑर्गनवाल्याचा डावा पाय हाच बासवाला.

बास गिटारला या पायाशी जुळवून घ्यावं लागलं. दोन माणसं एकाच सप्तकात वेगवेगळा बेत करायला लागली तर चिखल होतो. १९७२च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिननं दोन रात्री गाऊन 'अमेझिंग ग्रेस' हा आल्बम केला. तिथे बासवर चक रेनी होता, स्टुडिओंमध्ये मुरलेला गडी. पियानोवर जेम्स क्लीव्हलँड, ऑर्गनवर केन लपर, ड्रमवर बर्नार्ड पर्डी. रेनी काय वाजवतो यापेक्षा काय वाजवत नाही ते ऐका. संथ गाण्यांत अरीथा ओळ लांबवते, मंडळी मधेच ओरडते, पुढची मात्रा कधी पडेल याची खात्री नाही. तिथे तो सूर सोडून देऊन थांबतो. त्या रात्रींचं चित्रीकरण सिडनी पोलॅकनं केलं होतं. क्लॅपर न वापरल्यानं चित्र आणि आवाज जुळवता येईनात, आणि सिनेमा लोकांसमोर आला २०१८ साली. रेनीची बोटं बघायची म्हणून मी तो अनेकदा लावला आहे.

गॉस्पेलमध्ये पियानो-ऑर्गनवाल्यांच्या सोयीच्या काळ्या पट्ट्या चालतात, आपल्या भाषेत काळी एक, काळी दोन, काळी चार. चार तारांच्या बासवर यातल्या काही पट्ट्यांचा खालचा षड्ज सापडतच नाही, आणि मोकळ्या तारांचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून त्या वादकांनी पाचवी तार आपलीशी केली: सेकंदाला सुमारे ३१ कंपनं. सोळा फुटी ऑर्गनच्या तळापेक्षाही ही थोडी खाली जाते. ऑर्गनचा पाय आता उचलला तरी चालतो.

कॅथलिकांकडे हा प्रवास कागदोपत्री झाला. दहाव्या पायसनं १९०३च्या फर्मानात पियानो आणि ढोल-झांजा चर्चमधून हद्दपार केल्या. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना परवानगी दिली. गोव्यात मात्र फेस्ताच्या वादकांत व्हायोलिनच्या जोडीला डबल बास आधीपासून होताच, कोकणीत त्याला रबेकांव म्हणतात.

मी बास शिकलो इंजिनिअरिंगला असताना, होस्टेलवर, रॉकची गाणी ऐकून. तिथे बासवाल्याचं कौतुक होतं ते गाणं थांबवून तो एकटा सुटतो तेव्हा. चर्चमध्ये वाजवायला लागलो तेव्हा पहिला धडा भौतिकशास्त्राचा मिळाला. ४१ कंपनांची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते, जवळजवळ आमच्या सभागृहाच्या रुंदीएवढी. एका बाकावर ती दुप्पट ऐकू येते, दोन बाकं सोडून गायब. दगडी भिंती खालचा सूर सोडत नाहीत, त्यामुळे आधीचा विरायच्या आत पुढचा वाजवला की शब्द बुडतात. तळहाताची कड तारांवर टेकवून सूर आखूड करायचा, आणि आवाज पहिल्या बाकावरच्या आजींना विचारून ठरवायचा. आजींचं एकच माप: शब्द कळले का?

दुसरा धडा अजून चालू आहे. इंग्रजी चालीच्या गीतांखाली काय वाजवायचं ते नोटेशनमध्ये लिहिलेलं असतं. टिळकांच्या भजनाखाली काहीच लिहिलेलं नाही, कारण ते तिथे नाहीच. समजा भजन भूपाच्या अंगाचं आहे: सा रे ग प ध. ओळ धैवतावर येऊन थांबली. कीबोर्डवाल्या पोराचा कान खाली मध्यम मागतो. सुंदर लागतो, मोठ्या चर्चसारखा. पण भूपात मध्यम नाही. गाणाऱ्यांनी एकही सूर बदललेला नसतो, चाल तीच, शब्द तेच, आणि तरी मी एका बोटानं त्या भजनाचं कूळ बदललेलं असतं. खाली धैवतच धरला तर भजन अकारण उदास होतं. षड्ज धरून बसलो तर मी तंबोरा झालो, मग बास कशाला?

आमचे पेटीवाले काका सत्तरीचे आहेत. त्यांचं मत स्पष्ट: "षड्ज-पंचम धर आणि गप बस, बाळा." कीबोर्डवाला म्हणतो, अशानं तरुण पोरं दुसऱ्या चर्चला जातील, आणि जातातही. दोघंही मला आपल्या बाजूचा समजतात. मला स्वतःला काकांचा भूप जास्त पटतो, पण मंडळी ज्या कडव्याला मनापासून उचलून गाते ते बहुतेक वेळा मध्यमाचं असतं, हेही मी समोरून बघतो. सध्याची तडजोड अशी: पहिलं कडवं फक्त पेटी-तबला आणि माझा षड्ज, मधल्या कडव्यांत कीबोर्डला मोकळीक, शेवटच्या ध्रुपदाला मी हात तारांवर ठेवून गप्प. तिथे मंडळी किती उतरते ते काका नंतर पेटीवर सूर लावून तपासतात. गेल्या महिन्यात एका रविवारी अर्धा सूर उतरली होती.