आवाज केव्हा येतो?

१९९१ सालची गोष्ट. पाटण ते हेळवाक वडाप करणाऱ्या एका जुन्या जीपच्या पोटातून घरघर ऐकू येऊ लागली होती. मालक आणि ड्रायव्हर एकच, वर पतपेढीचा हप्ता. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी आठवडाभर उभी, आणि गाडी उभी राहिली की हप्ता थकणार. तो अब्बांकडे आला. अब्बा मिस्त्री. साठीला टेकलेले, आणि आयुष्यभर पत्र्यावर हातोडा मारून उजवा कान जवळजवळ गेलेला.

मी तेव्हा बी.ए.ला होतो. दोन-चार कविता छापून आल्या होत्या. आवाजाचं वर्णन करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. जीपमधून एक फेरी मारून आलो आणि म्हणालो, "अब्बा, पहाटे दूरच्या घरात जातं फिरत असावं, तसा आवाज आहे." अब्बा हात पुसत होते. म्हणाले, "कसा आहे ते ऱ्हाऊ दे. केव्हा येतो ते सांग."

त्या 'केव्हा'च्या मागे किती जुना इतिहास आहे, हे मला फार उशिरा वाचनातून कळलं.

गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला धरून असतात. मागचा धुरा मात्र कमानींवर सतत वरखाली होत असतो. मग ताकद पोहोचवायची कशी? मधे एक फिरता दांडा लागतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना वाकता सांधा लागतो. दोन बेचकी समोरासमोर धरायची आणि मधे लोखंडी क्रॉस बसवायचा, की झाला सांधा. युरोपात त्याला आजही कार्डन म्हणतात, सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्डानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाच्या नावावरून. गंमत अशी, की त्याने वर्णन केलं ते एकात एक बसणाऱ्या, टांगत्या कड्यांचं. जहाज कितीही डोललं तरी आतली वस्तू सरळ ठेवणारी ती कडी. ताकद वाहून नेणाऱ्या सांध्याचा खरा अभ्यास केला तो इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. १६७६ च्या आपल्या पुस्तकात त्याने 'युनिव्हर्सल जॉइंट' हा शब्द वापरला. आपले मिस्त्री त्यालाच 'यूजे' म्हणतात.

हूकच्या लक्षात आलेली गोष्ट अशी. हा सांधा वाकलेला असताना एक दांडा एकसारखा फिरवला, तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. तिरप्या सूर्यघड्याळावरची सावली दिवसभर सारख्या वेगाने सरकत नाही, तसंच हे. हूकने या सांध्याचा सूर्यघड्याळाशी संबंध जोडलाही होता. सांधा १५ अंशांत वाकलेला असेल, तर वेगातला फरक दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन टक्के पडतो. १६८३ मध्ये हूकने त्यावर उपायही सुचवला. एकाऐवजी दोन सांधे घ्यायचे. पहिल्याने केलेली खोडी दुसऱ्याने निस्तरायची. अट एकच, मधल्या दांड्याची दोन्ही बेचकी एका रेषेत हवीत. ती चुकली, तर दोष फिटत नाही, उलट वाढतो.

पुढची सव्वादोनशे वर्षं झटकन ओलांडू. सुरुवातीच्या मोटारींपैकी बऱ्याच साखळीवर चालत, सायकलसारख्या. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी बंदिस्त, वंगण धरून ठेवणारा सांधा तयार केला. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी त्याने कारखाना काढला.

मग १९४० साल आलं. चारही चाकांना ताकद मिळेल अशी हलकी गाडी अमेरिकी लष्कराला हवी होती, आणि नमुना करून द्यायला मुदत होती ४९ दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत पोहोचली. धुरे आणि ताकद वाटणारी पेटी स्पायसरच्या कंपनीकडून घेतलेली. महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून अशा सहा लाखांवर जीपा बांधल्या.

ही जीप आपल्याकडे आली ती मुंबईमार्गे. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली होती. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली, आणि १९४९ मध्ये माझगावला जीप जोडली जाऊ लागली. एका पाटीवरची ही दोन नावं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा वेळ पान उलटलं नव्हतं. असो.

अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ड्रायव्हरशेजारी बसले, लाकडी दांड्याच्या पान्याचं एक टोक गाडीच्या तळाला टेकवलं आणि दांडा दातांत धरला. कान साथ देईना तेव्हापासून ते असंच ऐकत. ताशी ४० च्या आसपास घरघर सुरू झाली. तिसऱ्या गिअरात होती, तशीच टॉपमध्ये. गिअरबॉक्सचा आवाज असता तर गिअरबरोबर बदलला असता. त्या वेगात त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन शांत झालं, घरघर तशीच. म्हणजे इंजिन, क्लच सुटले. वळणावर डावीकडे-उजवीकडे भार दिला, फरक नाही. म्हणजे बहुधा चाकाचं बेअरिंग नव्हे. ओढताना आणि सोडल्यावर सूर एकच, म्हणजे क्राऊन-पिनियनवरचा संशयही कमी झाला. मग त्यांनी हाताने मांडीवर ठेका धरला. चाकाच्या एका फेऱ्याला आवाजाचा एक ठोका पडत नव्हता, ठोके कितीतरी जलद होते. अशा जीपचा दांडा चाकाच्या पाचपटींहून जास्त फिरतो. ४० च्या वेगाला सेकंदात पंचवीसेक फेरे, आणि फेऱ्यामागे दोन हिसके.

"शाफ्टच," अब्बा म्हणाले. पण कोणता? जीपला दोन असतात, आणि जुन्या जीपमध्ये पुढची ताकद काढून घेतली तरी चाकं पुढचा शाफ्ट फिरवतच राहतात. अब्बांनी चाकांना दगड लावायला सांगितले, कारण या जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टवरच असतो, आणि तोच आता उतरवायचा होता. शाफ्ट उतरवला, फोर-व्हीलचा दांडा टाकला, आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांवर नदीकाठच्या मातीच्या रस्त्याला नेली. चार चाकी ताकदीचा हा एक फायदा. एक वाट बंद करून दुसऱ्या वाटेने चालता येतं.

घरघर बंद.

ड्रायव्हर खूश झाला, पण उतरवलेल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे निघाले. पंधरा दिवसांपूर्वीच दुसरीकडे बदलून घेतलेले. हाताने हलवले, खेळ नाही, अडक नाही. इतका वेळ नीट गेलेला तपास इथे ठेचकाळला. अब्बांनी शाफ्ट ओट्यावर आडवा ठेवला, एका टोकाला बसले आणि बंदूक रोखावी तसा एक डोळा मिटून पाहिला. मग मला बसवलं. जवळचं बेचकं उभं होतं, पलीकडचं किंचित कललेलं. शाफ्ट मधे दोन तुकड्यांचा असतो, दात्यांवर एकात एक सरकणारा. क्रॉस बदलताना कोणीतरी तुकडे वेगळे केले होते आणि परत बसवताना एक दात चुकला होता. हूकने घातलेली अट मोडली होती. जुळवणीच्या मूळ खुणा ग्रीस आणि चिखलाखाली होत्या, त्या अब्बांनी रॉकेलने धुऊन काढल्या.

तुकडा बाहेर ओढला, एक दात फिरवला, आत ढकलला. अर्ध्या तासात जीप जागेवर. ड्रायव्हर हेळवाकपर्यंत जाऊन आला आणि गाडी बंद न करताच ओरडला, "चाचा, काय न्हाई आता!" त्या दिवशीच्या उरलेल्या फेऱ्या त्याने केल्या.

पण शाफ्ट चढवण्याआधी अब्बांनी छिन्नीने दोन्ही तुकड्यांवर एकेक ठळक खाच मारली होती, मूळ खुणांच्या शेजारी. मी विचारलं, खुणा आहेत की आधीच्या, मग या कशाला? म्हणाले, "पुढचा मिस्त्री माझ्यासारखा बहिरा निघाला तर? त्याला बोटाला तरी लागली पाहिजे."

मजुरी किती घेतली ते आठवत नाही. ग्रीसचे पैसे मात्र त्यांनी वेगळे लावले होते.