खडकी (छत्रपती संभाजीनगर)

मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचे मूळ गाव. शहराची लोकसंख्या महानगरपालिका क्षेत्रासह 11,75,116 (2011). गोदावरीस मिळणाऱ्या खाम नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सु. 568 मी. उंचीवर, दौलताबादच्या आग्नेयेस सु. 15 किमी.वर हे वसले आहे. 1900 च्या सुमारास सुरू झालेला हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग (आता ब्रॉडगेज) येथून जातो.

खडकीचा इतिहास म्हणजे मुख्यतः मलिक अंबर व त्याचा पुत्र फतेखान या हबशी घराण्याचा इतिहास होय. हबसाणात (इथिओपियात) सु. 1548 मध्ये जन्मलेला, बालपणीच विकला जाऊन अरबस्तान व बगदादच्या बाजारांतून हस्तांतरित होत अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशीच होता, याच्या पदरी आलेला हा मलिक अंबर, धन्याच्या मृत्यूनंतर काही काळ विजापूर दरबारी शिलेदारी करून, 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी जिंकल्यावर परांड्यास मुर्तझा निजामशहास गादीवर बसवितो, त्यास आपली कन्या देतो आणि पुढे सव्वीस वर्षे राज्याची सर्व मुखत्यारी आपल्या हाती ठेवतो. तथापि शिक्का व खुत्बा निजामशहाच्याच नावे चालू राहतो, ही गोष्ट लक्षात ठेवल्याखेरीज या घराण्याचे स्वरूप नीट उमगत नाही. जंजिऱ्याच्या हबशी सिद्दींनी नवाबी मिळविली. अंबराने राज्य केले, पण मसनद घेतली नाही.

1610 मध्ये अंबराने खडकीस राजधानीचे रूप दिले. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ 1612 मध्ये उभारलेला भडकल दरवाजा व जामा मशिदीचा आरंभ ही त्या काळची कामे होत. नौखंडा महालही त्याचाच. त्याच्या पदरच्या मराठे सरदारांनी वसविलेल्या मालपुरा, खेलपुरा, परसपुरा व विठापुरा या पेठा मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी यांच्या नावांच्या असल्याचे परंपरा सांगते. मोगल सरदार शाहनवाजखानाने 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर शहर लुटून जाळले, तरी ते पुन्हा वसले. 1624 मध्ये भातवडी येथे, तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून, अंबराने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

उत्तरेकडील डोंगरांतील झिरपे भूमिगत मार्गांत गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, खापरी नळांतून शहरभर पाणी खेळविणारी ‘नहर-ए-अंबरी’ ही अंबराची सर्वांत टिकाऊ कृती म्हणावी लागेल. ठिकठिकाणी उघड्या मुखाचे मनोरे बांधून नळांतील हवा सोडण्याची व दाब राखण्याची सोय केली असल्याने पाणी एका मनोऱ्यात चढून दुसऱ्याकडे उतरते. पुढील काळच्या नहरी याच धाटणीच्या असून, बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की (1744), जिच्यात खाली कोसळणाऱ्या पाण्याने पात्यांचे चाक फिरून फकिरांसाठी धान्य दळले जाई, त्यांपैकीच एकीवर चाले.

जमाबंदीत पिकाचा अंश ठरवून तो पुढे रोकड रकमेत बांधण्याची अंबराची पद्धत ‘मलिकंबरी धारा’ म्हणून ओळखली जाते. मिरासदारांचे हक्क तीत अबाधित राहिल्याने ती रयतेस जाचक वाटली नाही.

1626 मध्ये अंबर मृत्यू पावला. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. फतेखानाने गावास फतेहनगर हे नाव दिले, परंतु बापाचा धीर व दूरदृष्टी त्यास लाभली नव्हती. निजामशहाने त्यास कैद केले, मुक्त करून पुन्हा कारभार दिला, आणि त्याने धन्याचाच घात करवून अल्पवयीन हुसेनशहास गादीवर बसविले. 1633 मध्ये दौलताबाद महाबतखानाच्या स्वाधीन करून तो मोगलांचा वेतनभोगी झाला व घराण्याची सत्ता संपली. हुसेनशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. शहाजीराजांनी पेमगिरीस दुसऱ्या बालनिजामशहाच्या नावे आणखी तीन वर्षे राज्य चालविले.

औरंगजेबाने दख्खनच्या सुभेदारीच्या दुसऱ्या पर्वात (1653) शहरास औरंगाबाद हे नाव दिले. 1682 मध्ये तट बांधला. त्याची बेगम दिलरासबानू हिचा बीबी का मकबरा प्रसिद्धच आहे. 1763 मध्ये आसफजाही निजामाची राजधानी हैदराबादेस गेली व शहरास उतरती कळा लागली.

हिमरू व पैठणीचे विणकाम येथे चालते. चिकलठाणा व वाळूज येथे औद्योगिक वसाहती आहेत.

मराठवाडा विद्यापीठ (स्था. 1958, 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) व मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे. 2023 पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. भडकल दरवाजाजवळ डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे.