देणगीदारांची माहिती आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व : ब्रिटनमधील अनुभव (२०१५-२०१७)

देणगीदार धर्मादाय संस्थेला पैशाबरोबर आपले नाव, पत्ता आणि विश्वासही देत असतो. या विश्वासाचा भंग झाल्यास जबाबदार कोण, हा प्रश्न ब्रिटनमध्ये २०१५ साली ऐरणीवर आला. एका वयोवृद्ध दात्रीचे त्या वर्षी निधन झाले. कुटुंबीयांनी संस्थांना दोष दिला नाही. तथापि तिचा तपशील ९९ संस्थांकडे असल्याचे चौकशीत आढळले. जानेवारी २०१६ मध्ये संसदीय समितीने निधिसंकलनावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी विश्वस्तांचीच असल्याचे ठामपणे नोंदविले.

पुढे माहिती आयुक्तांनी १९९८ च्या माहिती संरक्षण कायद्यान्वये डिसेंबर २०१६ मध्ये दोन आणि एप्रिल २०१७ मध्ये अकरा संस्थांना दंड केला. देणगीदारांना न कळविता त्यांची सांपत्तिक स्थिती अजमावणे, त्यांनी न दिलेले दूरध्वनी क्रमांक शोधणे, त्यांचा तपशील इतर संस्थांना पुरविणे, असे प्रमुख आक्षेप होते. एकूण दंड १ लाख ८१ हजार पौंड होता. देणगीदारांना अधिक क्लेश होऊ नयेत म्हणून आयुक्तांनी तो बराच कमी ठेवला.

खरा पेच येथेच आहे. दंडाचे आदेश संस्थांच्या नावे निघाले. त्यांचा भार पर्यायाने देणगीदारांच्याच पैशावर पडतो आणि निर्णय घेणारे मात्र अलिप्त राहू शकतात. दंड वाढविला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच झळ पोहोचते. कमी केला तर जरब राहत नाही. म्हणूनच संस्थेवरील दंड हा विश्वस्तांच्या वैयक्तिक उत्तरदायित्वाला पर्याय ठरू शकत नाही, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढता येतो.