गजर कोणाच्या सोयीचा? डहाणू-तलासरीतील जागे होण्याचा इतिहास

१/ गजराचे घड्याळ निवडताना आवाज किती मोठा, चावी द्यावी लागते की सेल लागतो, किंमत काय, एवढे पाहिले जाते. त्याआधीचा एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो : उठण्याची वेळ ठरवली कोणी? पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या इतिहासात या प्रश्नाची चार उत्तरे सापडतात : कोंबडा, जमीनदाराची हाक, शाळा आणि लोकल.

२/ प्रथम यंत्राविषयी. अमेरिकेतील घड्याळजी लेव्ही हचिन्स याने १७८७ साली स्वतःसाठी गजराचे घड्याळ बनवले. ते पहाटे चार वाजताच वाजे. दुसरी वेळ लावण्याची सोय त्यात नव्हती. हव्या त्या वेळी लावता येणाऱ्या गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ साली घेतले. या दोन घड्याळांमधील खरा फरक निवडीचा आहे. पहिले घड्याळ एकाच माणसाच्या सवयीला बांधलेले होते, तर दुसरे ज्याच्या उशाशी असेल त्याचे ऐकणारे.

३/ वारली पाड्यांवर या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून कोंबडा होता. तो उजेड पाहून आरवतो, असा सर्वसाधारण समज आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही साधारण ठरलेल्या वेळी आरवतात. त्यांच्या शरीरातच घड्याळ असते. पेरणी, लावणी, गुरे सोडणे या कामांना हा गजर पुरेसा होता. त्या कामांना मिनिटांचा हिशेब लागत नव्हता.

४/ मिनिटांचा हिशेब आला तो रेल्वेबरोबर. मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६०च्या दशकात या किनाऱ्यावरून गेला. रेल्वेने १९०५ साली प्रमाणवेळ स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी वेळ झाली. मुंबई महापालिकेची घड्याळे मात्र ३९ मिनिटे मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ पुढेही कित्येक वर्षे दाखवत राहिली. डहाणूहून गाडीने गेलेल्या प्रवाशाला फलाटावर एक वेळ दिसे आणि शहरात दुसरी. बदललेल्या वेळेने लवकर उठावे लागणार, म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी जानेवारी १९०६ मध्ये निषेधही केला होता.

५/ स्थानकापासून आत, जंगलपट्टीत, वेळेचा मालक वेगळाच होता. जमिनी गेलेल्या वारल्यांना जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्याकडे वेठ करावी लागे. वेठ म्हणजे बिनमोलाचे काम, आणि त्याला तासांची मर्यादा नाही. पावसाळ्यात आधी मालकाच्या शेतावर राबायचे; कुळाच्या स्वतःच्या शेताची पाळी नंतर येई. लग्नासाठी कर्ज घेणारा ‘लग्नगडी’ होई, आणि त्याच्या बायकोचेही कष्ट त्या कर्जाला गहाण पडत. ज्याची झोपसुद्धा दुसऱ्याच्या हाकेला बांधलेली, त्याला घड्याळ देऊन काय उपयोग होता?

६/ २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. हजारो वारली पायी आले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार बंद करण्याचा आणि रोख मजुरी मिळाल्याविना काम न करण्याचा निर्धार झाला. दिवसाला बारा आणे ही मागणी आज क्षुल्लक वाटेल. परंतु ‘दिवस’ हे मजुरीचे माप ठरले, की दिवसाला शेवट असतो हेही मान्य करावे लागते. वेठीच्या कामाला तो शेवटच नव्हता.

७/ याहून सूक्ष्म होती गवताची मागणी : ५०० पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये. येथे माप वजनाचे आहे. किती लवकर उठायचे, केव्हा थांबायचे हे कापणाऱ्याने ठरवायचे. शिवाय लढ्याची वेळही नेमकी निवडलेली होती. पावसाळा सरला की गवत तयार होते आणि थोड्या आठवड्यांतच कापावे लागते. वाळून गेले की व्यापाऱ्याचे नुकसान. आजवर मालकाची निकड मजुराला उठवीत असे. आता तीच निकड मजुराच्या हातातले साधन झाली.

८/ ज्या भागात निरोप तोंडी जात, तेथे खोटा निरोपही तितक्याच वेगाने पसरे. ऑक्टोबर १९४५ मध्ये सभा आहे असा निरोप पाड्यापाड्यांवर फिरवण्यात आला आणि तलवाडा येथे मोठा जमाव गोळा झाला. त्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही संप मोडला नाही, आणि मजुरीचे दर मालकांना मान्य करावे लागले.

९/ या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचे नाव आहे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. वेठीच्या हाकेने रोज उठणारा माणूस त्या अर्थाने जागा नव्हता, हे त्या नावातच आले आहे.

१०/ त्याच १९४५ साली, याच तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथे अडचण वेळेची होती. शाळेची घंटा व्हायची त्याच वेळी मुले गुरांमागे रानात असत, आणि मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे.

११/ अशा वेळी मुलांना आळशी ठरवणे सोपे होते. कोसबाडने शाळेचीच वेळ आणि जागा बदलली. गुराख्यांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. धाकट्यांसाठी शाळेला जोडून पाळणाघर आले, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा आली. मुले येत नसतील तर त्यांच्या अंगणात बालवाडी भरवायची, हा विचार बोर्डीतच रुजला होता. तोच पुढे ‘अंगणवाडी’ या शब्दाने देशभर पोचला. रेदिएच्या घड्याळाचे तत्त्व येथे शाळेला लागू झाले : वेळ वापरणाऱ्याने लावायची.

१२/ चौथा गजर अलीकडचा. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. चर्चगेट तेथून सुमारे १२० किलोमीटर. मुंबईतील नोकरी आवाक्यात आली, तशी पहाटही लवकर होऊ लागली. तलासरीतील अनेक जण सीमेपलीकडे उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत पाळीवर जातात. आज गजर मोबाइलमध्ये आहे, आणि तो वेळ मिनिटापर्यंत पाळतो. ती वेळ मात्र वेळापत्रकाने आणि पाळीने आधीच ठरवून दिलेली असते.

१३/ म्हणून गजर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो कोणाच्या कामासाठी वाजणार? त्याच्याबरोबर घरातील आणखी कोणाची झोप मोडणार? आणि तो चुकला तर किंमत कोण मोजणार? शेतकऱ्याला कोंबडा पुरतो, पाळीवर जाणाऱ्याला चावीचे किंवा मोबाइलचे घड्याळ लागते, आणि गुराख्याच्या पोराला त्याच्या वेळेला भरणारी शाळा.

१४/ कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. डहाणू-तलासरीत हे झाकण बरीच वर्षे घट्ट होते. झरीला जमलेल्या कोणाच्याही उशाशी गजराचे घड्याळ असण्याचे कारण नव्हते. तरी ते वेळेवर पोचले, कारण त्या दिवशीची वेळ त्यांची स्वतःची होती.