थंडीत छोट्या श्वानाचा फेरफटका
पनवेलची थंडी तशी बेताचीच. जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा १५ अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. तरीही डाशहुंड, चिवावा यांसारख्या आखूड केसांच्या छोट्या श्वानांना ती बाधते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने त्यांच्या शरीरातील उष्णता लवकर निघून जाते. शिवाय खाडीलगतच्या दमट हवेमुळे पहाटे गवतावर दव असते आणि बुटक्या श्वानाचे पोट त्यात भिजते. त्यामुळे ऊन आल्यावरच फिरवावे. परतताच पोट व पंजे कोरडे पुसावेत. पोमेरेनियनला मुळातच केसांचे दुहेरी आवरण असते. त्याला स्वेटर घालणे ही बहुधा मालकाचीच हौस. श्वान कापू लागल्यास त्वरित घरी आणावे. भिजलेल्या श्वानाची थरथर थांबून तो सुस्तावला, तर ते ऊब आल्याचे लक्षण समजू नये. कोरड्या कांबळ्यात गुंडाळून पशुवैद्यकाकडे न्यावे.