खिळे, खण आणि फॉन्ट : उसन्या अक्षरांचा इतिहास

१/ #थ्रेड
१९९०च्या दशकात नाशिकमध्ये संगणकावर जुळवलेल्या एखाद्या दिवाळी अंकाची फाइल आज उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चित्रविचित्र चिन्हांचा बुजबुजाट दिसण्याचीच शक्यता अधिक. मजकूर शाबूत असतो. हरवलेला असतो तो फॉन्ट. मराठी मजकुरावर ही पाळी का आली, हे उमगण्यासाठी शिशाच्या खिळ्यांपर्यंत मागे जावे लागते.

२/ अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना काढला. त्यातूनच पुढे निर्णयसागर छापखाना उभा राहिला आणि त्याच्या टाइपाचे वळण मराठी मुलखात नावाजले गेले. वळण सुंदर होते, पण ते बाळगणे खर्चाचे होते.

३/ रोमन लिपीचे काम मोजक्या खिळ्यांत भागते. देवनागरीला मात्र अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार मिळून शेकडो खिळे लागत आणि प्रत्येकाला स्वतंत्र खण. जुळारी खणांतून खिळे उचलून ओळी लावी. पानांचा फर्मा छापून झाला की तो मोडून प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात टाकावा लागे. हे काम जुळणीइतकेच नेटाचे. ‘ळ’ चुकून ‘ल’च्या खणात पडला, तर त्याची फळे पुढच्याच पुस्तकाला भोगावी लागत.

४/ शिशाला पैसा पडे, त्यामुळे एवढे खिळे कोणाकडेच नसत की अख्खे पुस्तक एकदम जुळवून ठेवता येईल. एक फर्मा जुळवायचा, छापायचा, मोडायचा, मग पुढचा. लेखकाने मुद्रिते अडवून ठेवली की छापखान्याची अक्षरेच अडकून पडत. (लेखक आणि छापखाना यांच्यातील बेबनावाचे हे एक जुने कारण.)

५/ हा भार हलका करण्याच्या खटपटी झाल्या. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याचा विचार केला होता. नाशिक जिल्ह्यातील भगूरचे सुपुत्र वि. दा. सावरकर यांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात लिपिशुद्धीची चळवळ चालवली. ‘अ’लाच बाराखडीची चिन्हे लावून अि, अी, अु, अू असे लिहिले की इ, ई, उ, ऊ यांचे वेगळे खिळे लागत नाहीत. काही नियतकालिकांनी हे वळण वापरलेही. वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही, हा भाग वेगळा.

६/ १९३८ साली नाशिकमध्ये ‘गांवकरी’ सुरू झाले. हातजुळणीच्या काळात वृत्तपत्राला खिळ्यांची ही ये-जा विशेष जाचक असे: कालची बातमी मोडल्याशिवाय उद्याची जुळवायला अक्षरे मोकळी होत नसत.

७/ मग संगणक आला. शिसे गेले, खणांची टंचाई राहिली. त्या वेळच्या फॉन्टमध्ये जागा २५६, त्यांतल्याही सगळ्या वापरण्याजोग्या नव्हत्या. देवनागरीची शेकडो रूपे त्यांत कोंबताना प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी ठरवली. पुण्यात सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घरोघरच्या डीटीपी केंद्रांत पोचली. पण एका संचातला ‘क’ दुसऱ्या संचात ‘क’च निघेल, याची खात्री नव्हती.

८/ त्यातच विंडोज ९५ला एका वेळी साधारण हजारच फॉन्ट पेलत. त्याआधीच यंत्र मंदावे. यावर तोड म्हणजे अडोबी टाइप मॅनेजर डिलक्ससारखी साधने. फॉन्ट एका कोठारात ठेवायचे, कामापुरता संच चालू करायचा, काम संपले की बंद करायचा. लग्नपत्रिकेचा संच वेगळा, पाठ्यपुस्तकाचा वेगळा. जुळाऱ्याच्या खणांचीच ही नवी आवृत्ती.

९/ २०१० साली इनडिझाइन सीएस५ने हे काम आणखी सोपे केले. फाइलशेजारच्या ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ या फोल्डरमधील अक्षरे ती फाइल उघडताच चालू होतात, मिटताच बंद होतात. इतर कामांना त्यांचा स्पर्शही होत नाही. फर्मा जुळला, छापला, मोडला.

१०/ पण फर्म्याने छापील कागद मागे ठेवला होता. नव्वदच्या दशकातील फाइलने मागे ठेवले ते केवळ आकडे, आणि त्यांचा अर्थ त्या एका फॉन्टलाच ठाऊक.

११/ युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. विंडोज २०००सोबत र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ आला. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणणारी साधनेही आहेत. ती अडखळतात ती ऱ्हस्व वेलांटी आणि रफारापाशी, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चारल्या क्रमाने नव्हे. आणि मूळ फॉन्ट कोणता, हेच कळले नाही तर साधनही हतबल.

१२/ नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे. शिशाच्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक कपाटातून काढून आजही सरळ वाचता येते. १९९८च्या फ्लॉपीवरील अंकासाठी आधी त्याचा फॉन्ट शोधावा लागतो, आणि तो बहुधा एखाद्या बंद पडलेल्या डीटीपी केंद्राच्या संगणकाबरोबर भंगारात गेलेला असतो.